शंकरराव चव्हाण : पाणी आणणारा नेता, बाबरीच्या दिवशीचा गृहमंत्री

दरवर्षी १७ सप्टेंबर जवळ आला की शाळेत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या कार्यक्रमाची तयारी सुरू होते. भाषणं पाठ होतात, फलक लिहिले जातात. अशाच एका तयारीत नववीच्या वर्गातल्या एका मुलीने मला अडवलं. तिला शंकरराव चव्हाण यांच्यावर पाच मिनिटं बोलायचं होतं. तिच्या दादाजानने घरी सांगितलं होतं की आपल्या शेतात कॅनॉलचं पाणी आलं ते या माणसामुळे. आणि तिच्या मामूंनी सांगितलं होतं की बाबरी मशीद पडली तेव्हा देशाचा गृहमंत्री हाच माणूस होता. दोघांपैकी खरं कोण, असं तिने विचारलं.

मी तिला त्या दिवशी एवढंच सांगितलं की दोघंही खरं बोलतात. पण हे उत्तर पुरेसं नव्हतं, हे मला घरी जाताना जाणवत होतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. नांदेड, हिंगोली, परभणी या भागातला एक आमदार मुंबईत मंत्री होतो, मुख्यमंत्री होतो, दिल्लीत देशाच्या सर्वांत मोठ्या खात्यांपर्यंत पोहोचतो, ही काही लहान गोष्ट नाही. आणि त्या प्रवासात त्याने आपल्याला काय दिलं, आपलं काय राखलं आणि काय राखू शकला नाही, हा हिशेब आपल्या मुलांना माहीत असायला हवा.

पैठण ते नांदेड

शंकरराव भाऊराव चव्हाण यांचा जन्म १४ जुलै १९२० रोजी पैठणला झाला. गोदावरीच्या काठचं गाव. पैठण तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, जसं आपलं हिंगोलीही होतं. मद्रास विद्यापीठाची बी.ए. आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची एलएल.बी., असं त्यांचं शिक्षण. आज अनेकांना आश्चर्य वाटेल, पण त्या काळी उस्मानियात शिकवण्याचं माध्यम उर्दू होतं. मराठवाड्यातल्या त्या पिढीचे किती तरी हिंदू वकील, शिक्षक, तहसीलदार उर्दूतून शिकलेले होते. कोर्टाचे कागद उर्दूत, जमिनीचे दस्त उर्दूत. भाषेला तेव्हा धर्म चिकटलेला नव्हता.

वकिली सुरू झाली तोवर संस्थानात स्टेट काँग्रेसचं आंदोलन पेटलं होतं. स्वामी रामानंद तीर्थ त्याचे नेते. शंकररावांनी वकिली सोडली आणि स्वामीजींच्या मागे गेले. संस्थानाच्या सरहद्दीवर, उमरखेडच्या बाजूला, आंदोलनाचे कॅम्प होते. तिथे त्यांनी काम केलं.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झालं आणि संस्थान भारतात विलीन झालं. हा इतिहास शाळेत आपण आनंदाने शिकवतो, आणि शिकवायलाही हवा, कारण निजामाची राजवट आणि रझाकारांचे जुलूम सामान्य माणसाने भोगले होते. पण त्याचा दुसरा भाग आपल्या घरांत हळू आवाजात सांगितला जातो. पोलीस ॲक्शननंतर उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांत मुसलमानांवर जे गुजरलं, त्याची चौकशी केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या समितीकडून करून घेतली. किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा त्या समितीचा अंदाज होता. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. मुक्तिसंग्रामातून पुढे आलेल्या नेत्यांच्या पिढीला या जखमेवर उघडपणे बोलणं जमलं नाही. त्याच पिढीच्या हातात पुढे मराठवाड्याचं राजकारण गेलं. शंकररावही त्यातलेच.

आमदार आणि पाटबंधारे मंत्री

ते नांदेडला स्थायिक झाले, नांदेडचे नगराध्यक्ष झाले. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. मराठवाड्यातून कुणाला घ्यायचं, असा प्रश्न होता. तरुण शंकररावांना उपमंत्री केलं गेलं. १९५७ ला ते धर्माबादहून आमदार झाले, पुढे भोकरहून निवडून येत राहिले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि त्यांच्याकडे पाटबंधारे आणि वीज ही खाती आली. पुढची बारा वर्षं ती त्यांच्याकडेच होती.

राजकारणात ज्याला वर जायचं असतं तो महसूल मागतो, गृह मागतो, सहकार मागतो. पाटबंधारे म्हणजे धूळ, नकाशे, इंजिनिअर आणि वर्षानुवर्षं चालणारी कामं. फळ दिसेपर्यंत दोन निवडणुका निघून जातात. सुरुवातही कठीण होती. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात हाहाकार झाला. नवीन राज्याचं पाटबंधारे खातं तेव्हा त्यांच्याच हातात होतं. तरी माणूस खात्याला चिकटून राहिला. नकाशा समोर घेऊन इंजिनिअरांची उलटतपासणी घेणारा मंत्री अशी त्यांची ओळख झाली. पेपरवाले त्यांना हेडमास्तर म्हणू लागले. मी स्वतः मास्तर असल्यामुळे मला हे नाव वाईट वाटत नाही. वेळेवर येणं, फाईल वाचून येणं, चूक दिसली की बोलणं, हे हेडमास्तरचंच काम आहे.

निजामाच्या काळात नवाब अली नवाज जंग यांच्यासारखा थोर इंजिनिअर हैदराबादला होता. मांजरा नदीवर निजामसागर त्यांनी उभं केलं. पण त्याचं पाणी तेलंगणाला मिळालं. मराठवाड्यातून गोदावरी आणि पूर्णा वाहत होत्या, आणि काठावरची गावं पावसाकडे बघत बसत होती. शंकररावांनी हे चित्र बदलायला घेतलं.

सगळ्यात मोठं काम जायकवाडीचं. धरण आहे पैठणला, मग नाव जायकवाडी का, असं मुलं विचारतात. आधी हे धरण बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ व्हायचं होतं. पुढे जागा वर सरकून पैठणला आली, नाव मात्र तेच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधी यांच्या हस्ते लोकार्पण झालं. सुमारे १० किलोमीटर लांबीचं मातीचं धरण, २७ दरवाजे, आणि सुमारे ३५० चौरस किलोमीटरचा नाथसागर. वरच्या भागातल्या पुढाऱ्यांना हे धरण नको होतं, कारण गोदावरीचं पाणी खाली जाणार होतं. तो वाद आजही दर दुष्काळात उफाळून येतो. आणि हेही विसरू नये की नाथसागराच्या पाण्याखाली त्यांच्याच पैठण भागातली गावं गेली, जमिनी गेल्या. कबरस्तानं आणि स्मशानं दोन्ही गेली. धरणाचा फायदा एकाला आणि त्याग दुसऱ्याला, हा हिशेब पुनर्वसनाच्या कागदावर कधीच पूर्ण जुळला नाही.

आपल्या जिल्ह्याचं पाणी

आता हिंगोलीचं बघा. पूर्णा नदीवर येलदरी आणि त्याच्या खाली सिद्धेश्वर अशी दोन धरणं आहेत. येलदरी परभणीच्या जिंतूर तालुक्यात, सिद्धेश्वर आपल्या औंढा नागनाथ तालुक्यात. येलदरीला २२.५ मेगावॅटचं वीजघर आहे. १९६०च्या दशकात हा पूर्णा प्रकल्प पुरा होत गेला तेव्हा पाटबंधारे आणि वीज, दोन्ही खाती शंकररावांकडे होती. हिंगोली शहराच्या नळाला येणारं पाणी सिद्धेश्वरचं. वसमतचा ऊस आणि हळद ज्या कालव्यावर वाढली तो पूर्णेचा. कळमनुरी तालुक्याच्या हद्दीवर पैनगंगेवरचं इसापूर धरण, म्हणजे ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्प. त्याचं पाणी कळमनुरीपासून हदगाव, अर्धापूर, उमरखेडपर्यंत जातं. हा प्रकल्पही त्यांच्याच पाठपुराव्यातला.

अजून एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. ६ ऑक्टोबर १९७५ ला गोदावरीच्या पाण्यावरून महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात करार झाला. शंकरराव तेव्हा मुख्यमंत्री होते. त्या करारात असं ठरलं की गोदावरीवर पैठण धरणापर्यंतचं आणि पूर्णेवर सिद्धेश्वर धरणापर्यंतचं सगळं पाणी महाराष्ट्र वापरू शकेल. त्याच्या खाली पोचमपाडपर्यंतच्या भागात मात्र नवीन प्रकल्पांसाठी ६० टीएमसीची मर्यादा आली. म्हणजे दोन राज्यांच्या करारात आपल्या औंढा तालुक्यातल्या धरणाचं नाव सीमारेषा म्हणून लिहिलेलं आहे. वरचं पाणी पक्कं झालं, खालच्याला टोपी बसली. त्या ६० टीएमसीवरून आजही मराठवाड्यात नाराजी आहे. करार झाला नसता तर धरणं लवादाच्या भांडणात अडकली असती, असंही जाणकार सांगतात.

कालव्याचं पाणी शेताला देताना कुणी जात-धर्म विचारत नाही. ज्याच्या नावावर सातबारा, त्याला पाणी. पण आपल्या लोकांच्या नावावर सातबारा किती, हा प्रश्न मात्र आपण स्वतःला विचारला पाहिजे. आपले बहुतेक लोक शेतमजूर, विणकर, फळवाले, गवंडी, मेकॅनिक. धरणाचा फायदा त्यांच्यापर्यंत मजुरी आणि बाजाराच्या वाटेने आला, मालकीच्या वाटेने थोडाच.

मुख्यमंत्रिपद आणि आणीबाणी

१९७४ साली मराठवाडा विकास आंदोलन झालं. रेल्वे, उद्योग, नोकऱ्या, पाणी, सगळ्यात मागे राहिलेल्या भागाचा राग रस्त्यावर आला. आपल्या वसमतलाही पोलिसांच्या गोळीबारात तरुणांचे जीव गेले. त्या रागाचाही परिणाम असेल, २१ फेब्रुवारी १९७५ ला वसंतराव नाईक यांच्या जागी शंकरराव मुख्यमंत्री झाले. मराठवाड्यातून मुख्यमंत्री होणारे ते पहिले.

सचिवालयाचं नाव बदलून त्यांनी मंत्रालय केलं. राज्य सचिवांचं नव्हे, लोकांनी निवडलेल्या मंत्र्यांचं, असा त्याचा अर्थ. पण चारच महिन्यांनी, २५ जून १९७५ ला, आणीबाणी आली. लोकांनी निवडलेल्या माणसांची किंमत किती, हे मग सगळ्यांना कळलं. विरोधक तुरुंगात गेले. केंद्राने संघावर बंदी घातली, तशी जमाअत-ए-इस्लामीवरही घातली.

आपल्या आई-वडिलांच्या पिढीला आणीबाणी आठवते ती नसबंदीमुळे. देशभर सक्तीची मोहीम चालली होती. आणि १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. असं करणारं आपलंच राज्य पहिलं. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते कायदा झालं नाही. मिळाली असती तर काय झालं असतं, याचा विचारही नको. गरीब माणूस, मग तो दलित असो, मुसलमान असो की बिगारी मजूर असो, यात सगळ्यात आधी सापडला असता. शिस्तीच्या माणसाची एक अडचण असते. वरून आलेला हुकूम चुकीचा असला तरी तो शिस्तीनेच पाळतो. हेडमास्तरची ही बाजू आम्हा शिक्षकांनाही लागू आहे.

१९७७ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसला महाराष्ट्रात मोठा फटका बसला. मे महिन्यात शंकररावांना जावं लागलं, वसंतदादा पाटील आले.

खाली उतरणं आणि पुन्हा चढणं

इथून पुढे त्यांच्या राजकारणातला चढउतार बघण्यासारखा आहे. त्यांनी काँग्रेस सोडून महाराष्ट्र समाजवादी काँग्रेस नावाचा स्वतःचा पक्ष काढला. १९७८ मध्ये शरद पवार यांचं पुलोद सरकार आलं. पवार तेव्हा चाळिशीच्याही आतले. आणि एकदा मुख्यमंत्री राहिलेले शंकरराव त्यांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. आपल्याकडे मोठा माणूस खालच्या खुर्चीवर बसला की लोक हसतात. ते बसले.

१९८० ला ते पुन्हा इंदिरा गांधींकडे गेले आणि नांदेडहून लोकसभेत निवडून आले. दिल्लीत शिक्षणमंत्री झाले, मग नियोजन खातं आणि नियोजन आयोगाचं उपाध्यक्षपद, १९८४ मध्ये काही महिने संरक्षण. ३१ डिसेंबर १९८४ ला राजीव गांधींच्या मंत्रिमंडळात ते देशाचे गृहमंत्री झाले. पंजाब करार आणि आसाम करार, दोन्ही १९८५ मधले, त्याच काळातले.

त्याच काळातल्या आणखी दोन गोष्टी आपल्या आयुष्याला चिकटल्या. मे १९८५ मध्ये टाडा कायदा आला. आणि १ फेब्रुवारी १९८६ ला फैजाबादच्या जिल्हा न्यायाधीशांच्या आदेशाने बाबरी मशिदीचं कुलूप उघडलं. आदेश न्यायालयाचा होता, सरकार उत्तर प्रदेशचं होतं. पण केंद्राने अपील करायला लावलं नाही, थांबवलं नाही, आणि गृहमंत्री शंकरराव होते. कुलूप उघडलं तेव्हाही तेच, आणि सहा वर्षांनी मशीद पडली तेव्हाही तेच. एका माणसाच्या नशिबात असा योग यावा, हे विचित्रच म्हणायचं.

मार्च १९८६ मध्ये त्यांना पुन्हा मुख्यमंत्री म्हणून महाराष्ट्रात पाठवलं गेलं. जून १९८८ पर्यंत ते होते. शून्याधारित अर्थसंकल्प, म्हणजे दरवर्षी प्रत्येक खर्चाचं कारण नव्याने सिद्ध करायचं, ही पद्धत त्यांनी याच काळात आणली. खातेप्रमुखांना ती फारशी आवडली नाही. जाता जाता, मे १९८८ मध्ये औरंगाबादला मोठी दंगल झाली. मराठवाड्याच्या राजकारणात धर्माचं विष मिसळायला लागलं होतं, आणि जुन्या काँग्रेसकडे त्यावर औषध नव्हतं. मग शरद पवार मुख्यमंत्री झाले आणि शंकरराव दिल्लीला अर्थमंत्री म्हणून गेले. १९८९ चा अर्थसंकल्प त्यांनी मांडला.

१९९१ चा कायदा

जून १९९१ मध्ये नरसिंह राव पंतप्रधान झाले आणि शंकरराव दुसऱ्यांदा गृहमंत्री. पाच वर्षं, म्हणजे पूर्ण मुदत, ते त्या खुर्चीवर होते.

आल्या आल्या त्यांनी एक विधेयक संसदेत मांडलं. प्रार्थनास्थळे कायदा, १९९१. त्याचा अर्थ सोपा आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला जे प्रार्थनास्थळ ज्या धर्माचं होतं ते त्याच धर्माचं राहील. मशिदीचं मंदिर होणार नाही, मंदिराची मशीद होणार नाही, चर्चचं गुरुद्वार होणार नाही. तोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा. भाजपने विरोध केला, पण सप्टेंबर १९९१ मध्ये कायदा झाला. अयोध्येचा वाद तेवढा त्यातून वगळला होता, कारण तो आधीच कोर्टात होता.

आज ज्ञानवापी, मथुरा, संभल ही नावं बातम्यांत येतात तेव्हा आपले वकील ज्या कायद्याचा आधार घेतात तो हाच. अयोध्येच्या २०१९ च्या निकालातही सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याची बाजू घेतली. त्याला आव्हान देणाऱ्या याचिका चालू आहेत, आणि १२ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने अशा वादांत नवे दावे नोंदवायला आणि सर्वेक्षणाचे आदेश द्यायला अंतरिम मनाई केली. पैठणच्या माणसाने मांडलेला कायदा देशभरातल्या मशिदींचा शेवटचा कागद होऊन बसला आहे. हे आपल्या किती घरांत माहीत आहे?

६ डिसेंबर

मग ६ डिसेंबर १९९२ आला. उत्तर प्रदेशात कल्याण सिंह यांचं सरकार होतं. मशिदीला धक्का लागणार नाही, असं त्या सरकारने सर्वोच्च न्यायालयात लिहून दिलं होतं. केंद्राने निमलष्करी दलं फैजाबादला नेऊन ठेवली होती. गृहमंत्रालयाने आधीच एक योजना तयार केली होती की वेळ पडल्यास राज्य सरकार बरखास्त करून केंद्राने वास्तू ताब्यात घ्यावी. गृहसचिव माधव गोडबोले तेव्हा त्या कामात होते. पंतप्रधानांकडून ती योजना पुढे गेली नाही. दुपारपासून संध्याकाळपर्यंत, काही तासांत, मशीद जमीनदोस्त झाली. दलं काही किलोमीटरवर बसून राहिली. राष्ट्रपती राजवट लागली ती नंतर.

निर्णय पंतप्रधानांचा होता, असं शंकररावांच्या बाजूने सांगता येतं, आणि त्यात तथ्य आहे. पण गृहमंत्र्याचं काम फक्त योजना तयार करणं नसतं. आपली योजना बाजूला पडली, देशाला दिलेला शब्द मोडला, तर खुर्ची सोडण्याचा रस्ता असतो. गोडबोले यांनी १९९३ मध्ये मुदतीआधी सेवा सोडली. शंकररावांनी राजीनामा दिला नाही. आयुष्यभर पायरी पायरीने वर चढलेल्या माणसाला सगळ्यात वरच्या पायरीवरून स्वतःहून उतरणं जमलं नाही. १९७८ ला जे धैर्य त्यांनी खालच्या खुर्चीवर बसताना दाखवलं, ते इथे दिसलं नाही.

१० डिसेंबरला केंद्राने विहिंप, बजरंग दल आणि संघावर बंदी घातली, आणि तराजू सारखा दिसावा म्हणून जमाअत-ए-इस्लामी हिंदवरही घातली. जमाअतवरची बंदी १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. लिबरहान आयोग डिसेंबर १९९२ मध्येच नेमला गेला, त्याचा अहवाल आला २००९ मध्ये. मुंबईच्या दंगलीत श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार ९०० माणसं मेली, त्यात ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ जीव गेले. या सगळ्या काळात देशाच्या अंतर्गत सुरक्षेचं खातं आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या माणसाकडे होतं.

आणि टाडा. पंजाबसाठी आणलेला कायदा देशभर वापरला गेला. १० वर्षांत ७५ हजारांहून अधिक लोक त्याखाली पकडले गेले, शिक्षा झाली ती अगदी थोड्यांना. पोलिसापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत होता, जामीन जवळपास अशक्य. मानवाधिकार आयोगाचे अध्यक्ष न्या. रंगनाथ मिश्रा यांनी १९९५ मध्ये खासदारांना पत्र लिहून मुदत वाढवू नका असं कळवलं. मे १९९५ मध्ये कायदा संपू दिला गेला. सुरू झाला तेव्हा गृहमंत्री शंकरराव, संपला तेव्हाही शंकरराव. मधल्या १० वर्षांत ज्यांची पोरं आत गेली त्यांना ती वर्षं कुणी परत दिली नाहीत.

शेवट आणि हिशेब

पुढे ते राज्यसभेत राहिले. २६ फेब्रुवारी २००४ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. ८३ वर्षांचे होते. नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि विष्णुपुरी प्रकल्प आज त्यांच्या नावाने आहेत. त्यांचे चिरंजीव अशोकराव २००८ मध्ये मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्रात बाप आणि लेक दोघंही मुख्यमंत्री झाले ते हे एकच घर. २०२४ मध्ये अशोकराव भाजपमध्ये गेले, पण तो वेगळा विषय.

आपल्याकडे पुढाऱ्याबद्दल बोलताना दोनच भाषा चालतात. एक जयंतीची, त्यात तो देवमाणूस असतो. दुसरी चहाच्या टपरीवरची, त्यात तो गद्दार असतो. शंकररावांच्या बाबतीत दोन्ही भाषा अपुऱ्या पडतात. सिद्धेश्वरचं पाणी खरं आहे. १९९१ चा कायदा खरा आहे. १९७६ चं विधेयक खरं आहे, टाडाची कोठडी खरी आहे आणि ६ डिसेंबरची ती दुपारही खरी आहे. एकाने दुसरं धुऊन निघत नाही.

शिक्षक म्हणून मला यातून एकच गोष्ट मुलांना सांगावीशी वाटते. आमदार निवडताना आपण विचारतो की तो आपल्या मोहल्ल्यात येतो का, लग्नाला येतो का, ईदला गळाभेट घेतो का. हे चांगलंच आहे. पण त्याच्याकडे कोणतं खातं येईल, तो फाईल वाचतो का, विधेयकावर हात कुठे वर करतो आणि वरिष्ठ चुकतात तेव्हा तोंड उघडतो का, हेही विचारायला शिकलं पाहिजे. कारण आजचा आमदार उद्याचा मंत्री असतो आणि परवाचा गृहमंत्री. सुरुवातीच्या खुर्चीवर ज्या सवयी लागतात, त्याच शेवटच्या खुर्चीवर सोबत असतात. शंकररावांची काम करण्याची सवय शेवटपर्यंत टिकली. वरच्यासमोर गप्प राहण्याची सवयही टिकली.

त्या मुलीने १७ सप्टेंबरला भाषण केलं. पाच मिनिटांत तिने पूर्णा प्रकल्पही सांगितला आणि प्रार्थनास्थळांचा कायदाही. ६ डिसेंबरचं नाव घेताना सभागृहात जरा शांतता झाली, पण कुणी तिला अडवलं नाही. खाली बसल्यावर तिचे दादाजान आणि मामू, दोघांनीही टाळ्या वाजवल्या.

दोघं एकाच वेळी खरे असू शकतात, हे तिला आता माहीत आहे. आपल्यालाही असू द्या.